मागावरचं बोलणं

माझ्या वडिलांचा आवाज चार घरं ओलांडून जायचा. तीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणलेला माणूस. मागांच्या खडखडाटात निम्मे कान गेले होते. त्यांच्याकडे बोलायच्या दोनच तऱ्हा होत्या. एक, ओरडून. दुसरी, कारखान्यात दोन माग पलीकडच्या माणसाशी बोलायचे तशी, आवाज न काढता नुसते ओठ हलवून. लहानपणी मी डबा द्यायला जायची, तेव्हा मीही ते ओठ वाचायला शिकले.

मग मालकाने नवे माग आणले. चार जणांचं काम एकटा माणूस बघू लागला, जुने माग भंगारात गेले आणि वडील घरी बसले. पंचावन्नाव्या वर्षी दुसरं काय येणार त्यांना? काम करणाऱ्याला काम मिळतंच, असं कुणी म्हटलं की अजून माझं डोकं फिरतं. दोन वर्षं आम्ही लोकांचे उंबरे झिजवले. वॉचमनसाठी वय जास्त, हमालीसाठी अंगात जोर कमी.

शेवटी नवी पेठेत चादरींच्या एका दुकानात गिऱ्हाइकांना माल उलगडून दाखवायला माणूस हवा होता. हे त्यांना नक्की जमलं असतं. रिक्षात मी त्यांना दहादा बजावलं, तिथं ओरडू नका, लोक हसतात.

दुकानदार तसा भला होता. त्याने एक चादर पुढे केली आणि गिऱ्हाइकाशी बोलणं जमेल का, असं विचारलं. वडिलांनी चादरीचा काठ चिमटीत धरून पाहिला. त्यांचे ओठ हलले, आवाज नाही. "जमंल की. असल्या लई विणल्यात." मला अक्षर न् अक्षर कळलं.

दुकानदार माझ्याकडे वळला. "मुके आहेत हे आधी सांगायचं ना, ताई. मग कसं जमायचं?"

मुके नाहीत, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मग ते बोलले असते आणि सगळ्या दुकानाने वळून बघितलं असतं. वडिलांनी दुकानदाराचेही ओठ वाचले होते. मी आता बोलेन, मग बोलेन, म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चादरीची नीट घडी केली आणि चपला घातल्या.

त्या दुकानावरून जायला नको म्हणून मी आजही लांबचा वळसा घालते. घरी आईशी, शेजाऱ्यांशी ते पूर्वीसारखेच ओरडून बोलतात. माझ्याशी मात्र नुसते ओठ हलवतात. परवा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, बोला की मोठ्यानं, मला ऐकायचंय. ते हसले आणि ओठांनीच म्हणाले, "नको बाळा. तुला लाज वाटती."