मान धरून बसलेला आरोपी

वरूडकडच्या संत्र्याच्या बागेतली ती दुपार निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाही. मी तेव्हा तिथे ठाणेदार होतो. फोन आला की नाल्यात एक जण शेजाऱ्याचा गळा दाबून राहिला, लवकर या. स्टेशन डायरीला नोंद केली आणि जीप काढली.

कोरड्या नाल्यात एक माणूस उताणा पडला होता. दुसरा त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून बसला होता. पडलेल्याचा भाऊ त्या बसलेल्याच्या पाठीवर काठी हाणत होता, आणि हा पठ्ठ्या मार चुकवायलाही हात सोडत नव्हता. हवालदाराने काठी हिसकावली. मी त्या बसलेल्याची कॉलर धरली आणि जखमीला उचलून जीपमध्ये टाकायचा हुकूम दिला. पंचवीस वर्षं आम्ही जखमींना तसंच नेत आलो होतो.

तो मान वर न करता बोलला, "साहेब, बेड्या मंग घाला. मानेचं हाड गेलं असन. उचलाल तं हा जन्मभर उठनार नाई. मी १०८ ले फोन केला हाय."

मी चिडलो होतो, तरी का कोण जाणे, कॉलर सोडली. भाऊ पाणी पाजायला आला, त्यालाही त्याने अडवलं. जखमीला सांगत होता की मान हलवू नको, हो-नाही तोंडानंच सांग. अॅम्ब्युलन्सला पाऊण तास लागला. एप्रिलच्या उन्हात तो तसूभर हलला नाही. डोळ्यांत जाणारा घाम शेवटी हवालदाराने पुसला. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी मानेला पट्टा बांधून जखमीला फळीवर घेतलं, तेव्हाच त्याने हात काढले.

ठाण्यात चौकशी केली. जखमी नाल्यात कसा पडला, हे कोणीच पाहिलं नव्हतं. त्याचा पाय घसरला असं हा म्हणाला असता, तर मी काय करणार होतो? पण पहिल्याच प्रश्नाला त्याने सांगून टाकलं की पाण्याच्या पाळीवरून वाद झाला, मीच बांधावरून ढकललं. मग पळाला का नाहीस, मी विचारलं. तो पूर्वी कंत्राटी लाइनमन होता. खांबावरून पडलेल्या सोबत्याला चौघांनी हातपाय धरून उचललं आणि तो कायमचा अंथरुणाला खिळला. त्या चौघांत हाही होता.

"मी पळालो असतो तं भावानं याले खांद्यावर टाकलं असतं," एवढंच बोलला. असा आरोपी मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हाड मोडलंय, पण आतला मज्जारज्जू शाबूत आहे. मान जराशी वळली असती तरी हातपाय गेले असते. आणि उचलून जीपमध्ये टाकायचा हुकूम माझाच होता.

आठवड्याने जबाब घ्यायला गेलो. जखमीने आधी पायाचा अंगठा हलवून दाखवला. मग म्हणाला, "ढकललं त्यानंच. धरलं बी त्यानंच. दोन्ही लिवा, साहेब."

मी दोन्ही लिहिलं. तोवर गुन्हा कोणी केला एवढं कळलं की माझी चौकशी संपायची. त्यानंतर मात्र निवृत्त होईपर्यंत प्रत्येक आरोपीला एक प्रश्न जास्तीचा विचारला, की पुढे तू काय केलंस? बहुतेकांनी 'पळालो' हेच उत्तर दिलं.