पाणी खरं, क्षमा रिकामी

नाशिकरोडचे रोमी, म्हणजे रोमन कॅथलिक, फादर मला 'मिस्टर' म्हणत. आमच्या इंग्लिश मंडळीचा, म्हणजे अँग्लिकन चर्चचा, मी पाद्री. झगा घालतो, वेदीपुढे उभा राहतो. पण त्यांच्या लेखी मी साधा गृहस्थ. त्या एका शब्दाचं मला फार कुतूहल होतं आणि धास्तीही. धास्तीचं कारण एका व्यक्तीखेरीज इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता, त्या वर्षांतली गोष्ट. आमच्या मुलींच्या शाळेत एक विधवा बाई शिकवत. त्यांचा मुलगा रेल्वेत लागला, रोमी घरातली मुलगी केली आणि स्वतःही रोमी झाला. आता बाईही त्याच्याकडे राहून त्याच देवळात जाणार होत्या. फादरनी त्यांना सांगितलं, तुमचा बाप्तिस्मा चालेल, पापकबुली मात्र पहिल्यापासून पुन्हा करा.

"पाद्रीसाहेब, तुम्हाला एकदा सांगितलं, ते परत माझ्या तोंडून निघणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही दिलेली क्षमा लागली की नाही, तेवढं विचारून या."

त्यांनी काय सांगितलं होतं ते इथे लिहिणार नाही. ती कबुली दिल्यापासून त्या उपासनेला शेवटच्या बाकावर बसू लागल्या, हे मात्र मला दिसत होतं.

मी सायकल काढली.

"या, मिस्टर! हाक काहीही मारली तरी चहा खराच मिळेल."

फादर परदेशी, पण मराठी झकास. मी थेट विषय काढला. पाद्रीपदाची दीक्षा देताना माझ्यावर बिशपनी हात ठेवले, त्यांच्यावर आधीच्यांनी, असं मागे मागे जात थेट येशूच्या प्रेषितांपर्यंत. मग माझी दीक्षा खोटी कशी?

"मधे एकदा तुमच्या लोकांनी दीक्षेचे शब्द बदलले," ते म्हणाले. "याजक कशासाठी नेमायचा, तेच त्यातून गेलं. नुसते हात उरले. साखळी तिथे तुटली."

"गोदेकाठच्या उपाध्यांच्या चोपडीत आमची वंशावळ आजोबांच्या बाप्तिस्म्याशी थांबते. म्हणून काय पुढे आम्ही जन्मलोच नाही?"

फादर खो खो हसले. "जन्माला यायला दीक्षा लागत नाही, मिस्टर! बाप्तिस्म्यालाही नाही. वेळ पडली तर कुणीही पाणी ओतावं. क्षमा मात्र याजकानेच द्यायची."

"म्हणजे आमचं पाणी खरं आणि क्षमा खोटी?"

"खोटी नाही म्हणत. रिकामी. शब्द हवेत आणि हेतूही हवा."

हेतू म्हटल्यावर मी कप खाली ठेवला. बाईंनी कबुली दिली त्याच आठवड्यात मी हा सगळा वाद पहिल्यांदा वाचला होता. आमच्या दीक्षा पोपसाहेबांनी रद्द ठरवल्याचं त्यात सविस्तर होतं. बाईंसमोर क्षमेचे शब्द उच्चारताना मनात आलं, मी कोण हे म्हणणारा? शब्द पुरे केले, पण मधे अडखळून.

परत येऊन बाईंना फादरचं उत्तर सांगितलं. मग म्हणालो, "त्यांची साखळी राहू दे, बाई. त्या दिवशी माझीच खात्री नव्हती."

"कशाची?"

"क्षमा द्यायचा अधिकार मला आहे की नाही याची."

"रोम्यांकडे कबुली ऐकताना मधे जाळी असते," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमच्याकडे वेदीच्या कठड्याशी समोरासमोर. तुमचा चेहरा पडलेला मला दिसला. मला वाटलं, माझं ऐकूनच तुम्ही कचरलात. याला क्षमा नाही, असंच ठरवलंत."

"नाही हो, बाई!"

"मग आधी बोलला का नाहीत?"

साखळी कुठे तुटली हे मी पुस्तकांत शोधत होतो, आणि बाई शेवटच्या बाकावर बसत होत्या.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं ते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पदर सारखा करून उठल्या. "आता सांगेन त्या फादरना. परत सांगता येईल."

नाशिकरोडला जाण्याआधीच्या रविवारी त्या आमच्या देवळात आल्या. पुढच्या बाकावर बसल्या.