उलट्या आट्यांचा दसरा

आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, दोन गोष्टी मनापासून आवडत: गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडणं आणि दुसऱ्याच्या कामात हात घालणं. पहिलीवर आमचं बंगळूरच्या चिकपेटेतलं दुकान चालायचं. दुसरीपायी त्या वर्षी आत्याचा दसरा हुकणार होता.

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच राहायची आणि दुकान सांभाळायची. नव्वदच्या दशकात, वयाच्या पंचेचाळिशीत, तिला सायकल शिकायची हुक्की आली. माझी कॉलेजला न्यायची लेडीज सायकल होतीच. भल्या सकाळी, बाजाराची शटरं खाली असताना, मी कॅरिअर धरून तिच्या मागे धावायचे. ती पडली, गुडघे सोलवटले, एकदा फुलवाल्याच्या टोपलीत शिरली, पण शिकली.

एवढ्या खटाटोपामागे तिचा एक बेत होता. आमच्याकडे दसऱ्याला पुरुष सीमोल्लंघनाला जात, बाजारापलीकडच्या देवळातल्या शमीची पानं सोनं म्हणून आणत, आणि परतले की दारात आत्या त्यांना ओवाळी. जन्मभर ती तबक धरून उभी राहिली होती.

"यंदा सोनं आणायला मी जाणार, सायकलवरून," तिने जेवताना सांगून टाकलं.

अण्णा ताटातून मान वर न करता म्हणाले, "ब्रेक लागतात का नीट?" म्हणजे त्यांची परवानगी होती. आमच्या घरात परवानग्या अशाच मिळत.

आदल्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. आख्खं बंगळूर आपापली वाहनं घासूनपुसून शेवंतीच्या माळा घालत होतं. अण्णांना वाटलं, बहीण एवढी लांब जाणार, तर सायकल नुसती वरून पुसून काय उपयोग, आतूनही साफ करायला हवी. त्यांनी पेडल उतरवले, दांडा काढला. ज्या नळीतून पेडलचा दांडा जातो तिच्या दोन्ही तोंडांना लोखंडी कप आवळलेले असतात. तेही काढले, रॉकेलने धुतले, ग्रीस लावलं. इथपर्यंत त्यांचं कौतुकच करायला हवं.

पण चेनकडच्या कपाचे आटे उलटे असतात, तो डावीकडे फिरवून आवळायचा असतो. काढताना तो कसाबसा निघाला, बसवताना अण्णांनी तो उजवीकडे फिरवला. बसेना. मग त्यांनी पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि सगळा जोर लावला. कप तिरका आत शिरला, कर्र आवाज झाला, आणि फ्रेममधले आटे चिरडले. कप बाहेर काढल्यावर नळीच्या तोंडाशी नुसता चुरा दिसत होता.

आत्या पायरीवर बसून हे बघत होती. तिने उठून ग्रीसचा डबा बंद केला. मला मात्र अण्णांचा भयंकर राग आला, आणि त्यांचं पडलेलं तोंड बघून तो टिकवताही येईना.

आम्ही सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याची सगळी हत्यारं फळीवर मांडलेली, प्रत्येकावर हळदकुंकू आणि फूल. त्याने बोट घालून आटे चाचपले. "आतले आटे शाबूत आहेत. आटे पाडायचा टॅप फिरवून बघता येईल. पण आज आगल्ला, जमणार नाही अण्णा. आज हत्यारांना सुट्टी."

"मग उद्या सकाळी, पहिलंच काम," अण्णा म्हणाले.

त्याने मान हलवली. दसऱ्याला हत्यारं उचलली की पहिलं काम सोपं घ्यायचं, हा त्याच्या बापापासूनचा रिवाज. चाकात हवा भरायची, एखादा नट आवळायचा. ते नीट झालं की वर्ष नीट जातं. असलं नाजूक काम मुहूर्तालाच घेतलं आणि टॅप मोडला, तर वर्षभर काय बघायचं? आणि हवा भरल्यावर तो गावी निघणार होता, आनेकलला.

तेव्हा आत्या पुढे झाली. "हवा भरून मुहूर्त केलास, तर वर्षभर हवाच भरत बसशील," ती म्हणाली. "माझंही उद्या पहिलंच काम आहे बाबा. तेही काही सोपं नाही."

मेकॅनिक हसला. "सरी, अक्का. लवकर या."

त्या संध्याकाळी बिनपेडलच्या सायकलची पूजा झाली. दोन बाजूंना केळीचे खुंट, गळ्यात माळ, आणि खाली दोन्हीकडून आरपार दिसणारं भोक. आईला हसू आवरेना.

सकाळी मेकॅनिकने हत्यारांना नमस्कार केला आणि कुंकू लागलेलाच टॅप उचलला. दुसऱ्या बाजूच्या चांगल्या आट्यांचा आधार देऊन तो सरळ धरला, तेल सोडलं, आणि डावीकडे हलकेच फिरवला. थोडा पुढे, जरा मागे, पुन्हा पुढे. चुरा बाहेर पडला तो कुंकवाने लाल झालेला. मध्येच टॅप अडला. मेकॅनिकने हात थांबवला आणि आम्ही सगळ्यांनी श्वास. अण्णांनी तर डोळेच मिटले. मग त्याने तो मागे घेतला, पुसला, पुन्हा तेल घातलं. या वेळी तो गेला. कप नुसत्या बोटांनी आत बसला. मला मेकॅनिकला मिठी मारावीशी वाटली.

दांडा आणि पेडल चढताच आत्या तिथूनच निघाली, पदर खोचून, पिशवी हँडलला अडकवून. वळणावर एक रिक्षावाला ओरडला, "अक्का, स्वल्प बाजूला." तिने घंटी वाजवली आणि बाजूला काही झाली नाही.

मग आम्ही दारात थांबलो. वाट बघत थांबणं किती अवघड असतं, हे अण्णांना त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. "कप निसटला तर?" ते सारखं विचारत होते. आईने शांतपणे निरांजन लावलं, तबक त्यांच्या हातात दिलं आणि बाजूला झाली.

शेवटी घंटी ऐकू आली. घामाघूम आत्या, लाल चेहरा, शमीच्या पानांनी फुगलेली पिशवी. दारातलं तबक कोणाच्या हातात आहे ते बघून ती सायकलवरून उतरायचीच विसरली, एक पाय पायरीवर टेकून तशीच बसून राहिली. अण्णांनी तबक वर उचललं आणि ओवाळायला सुरुवात केली.

"दादा," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "हे उजवीकडे फिरवायचं असतं."