ख्रिश्चन असूनही

वडिलांना जाऊन पाच दिवस झाले होते. कॉलनीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. अध्यक्षांनी फोटोला हात जोडले, माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "ख्रिश्चन असूनही ते कट्टर देशभक्त होते."

हॉलभर माना डोलल्या. मी उठले.

"काका, असूनही म्हणजे काय?"

शेजारी बसलेल्या माझ्या भावानं दंड धरून मला खाली बसवलं. अध्यक्ष पुढं बोलत राहिले, मी जणू नुसती खोकलेच होते.

माझे वडील वीस वर्षं फौजेत ड्रायव्हर होते. बर्फातल्या रस्त्यांवरून रेशनचे ट्रक नेले. थंडीनं डाव्या पायाची दोन बोटं गेली, तर म्हणायचे, "बरं झालं, नखं कापायला दोन कमी." निवृत्त झाल्यावर छावणीजवळ घर बांधलं. पुढं आईला पक्षाघात झाला. नऊ वर्षं ते रोज सकाळी तिला अंघोळ घालायचे, तिची वेणी घालायचे आणि मगच चहा प्यायचे. वेणी ते शिकले माझ्या केसांवर. तेव्हा मी चाळिशीची होते. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेला तिची व्हीलचेअर स्वतः ढकलत न्यायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

हेच अध्यक्ष दर नाताळला आमच्याकडं करंज्या खाता खाता विचारायचे, "मग, गोव्याला कधी?"

वडील हसायचे. "साहेब, आमचं गाव पिशोर. लई तर कन्नडच्या बाजारापर्यंत जातो."

पुढच्या नाताळला पुन्हा तोच प्रश्न. मला अध्यक्षांचा राग यायचा, आणि हसणाऱ्या वडिलांचाही.

"एकदा खडसावत का नाही त्यांना?"

"जाऊ दे गं. माणूस वाईट नाय."

नसेल. पण सरहद्दीवर बोटं गमावलेल्या माणसानं आपण इथलेच आहोत हे दर वर्षी सांगत बसायचं, हा कुठला न्याय?

शोकसभेच्या संध्याकाळी तेच भाषण कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. मी अध्यक्षांना फोन लावला.

"काका, त्यातलं 'असूनही' काढा."

"अगं बेटा, मी तर कौतुकच केलं की!"

"उद्या तुमच्या भावाला कुणी 'हिंदू असूनही देशभक्त' म्हणालं, तर चालेल?"

अध्यक्ष खाकरले. मग म्हणाले, "बरं, बदलतो."

दहा मिनिटांत नवा मजकूर आला: 'ख्रिश्चन असले तरी ते कट्टर देशभक्त होते.'

मी फोन गादीवर आपटला. आईनं खुणेनं विचारलं, काय झालं? पक्षाघातानं तिची जीभ जड झालेली, त्यामुळं ती फार बोलत नाही. मी तिला दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. तिनं हात पुढं केला. "दे इकडं."

ग्रुप उघडून आवाज रेकॉर्ड करायचं बटण मी दाबून धरलं. एकेक शब्द ओढत ती म्हणाली, "माझा मालक फौजी व्हता. तेवढंच लिहा."

सकाळी अध्यक्षांनी आपला मजकूर काढून टाकलेला दिसला. त्यांचा फोन आला नाही, माफीचा शब्द नाही. आईचा आवाज ग्रुपमधल्या कितीतरी जणांनी ऐकला होता. त्याखाली एकानंही ओळ लिहिली नाही. थोड्या वेळानं कुणीतरी वाढदिवसाच्या केकचा फोटो टाकला आणि शुभेच्छांची रांग लागली.