ग्रुप डिस्कशनमधला वाढपी

"कोनाचं राह्यलं का?" असं विचारून तो मान उंच करायचा आणि पंगतीच्या पार टोकापर्यंत बघायचा. हातात वरणाची बादली, पँट घोट्याच्या वर दुमडलेली. एखाद्याने पत्रावळीवर नुसतं बोट फिरवलं तरी त्याला कळायचं, की याला भात हवा आहे. अमडापूरचा होता. त्या पंचक्रोशीत लग्न असो की नवसाच्या रोडग्यांचं जेवण, वाढायला तो हवाच. असा एकजण तुमच्याही गावात असेल. अशा माणसावर कोणी जळत नाही. मी जळलो.

आम्ही एमबीएला एका वर्गात होतो. आमचं कॉलेज म्हणजे बंद पडलेल्या डीएड कॉलेजचा वरचा मजला. मार्केटिंगच्या तासाला फळ्याशेजारी 'बालकाच्या वाढीचे टप्पे' हा जुना तक्ता लटकत असे. एमबीए झाल्यावर पुण्या-मुंबईची मुलं काय होतात ते आम्ही मोबाइलवर बघायचो, आणि आमचे सीनियर काय झाले ते चौकात. एक पतसंस्थेत होता, एक सासऱ्याच्या कृषी केंद्रात, आणि बाकीचे अभ्यासिकेत बसून भरतीची वाट बघत होते.

मी मलकापूरचा, इंग्रजी शाळेतला. वर्गात घडाघडा इंग्रजी बोलणारा मी एकटाच. त्यामुळे पाहुणे आले की आभार मानायला मी, कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनाला मी. बाबांनी तर गल्लीत सांगूनच ठेवलं होतं, पोरगं पुण्याला जाणार म्हणून. कोणी "कधी?" असं विचारलं की म्हणायचे, "कंपनी आली की."

तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा. प्रेझेंटेशनला उभा राहिला की त्याचं पहिलं वाक्य इंग्रजीत, दुसरं हिंदीत आणि तिसरं थेट अमडापुरात जायचं. मी मनापासून हसायचो. तोही हसायचा आणि म्हणायचा, "हसून घे बे, हसून घे."

शेवटच्या वर्षी कंपनी आली. पुण्याची, ठिबकचे पाइप बनवणारी. जागा एकच होती आणि ती कोणाची, याबद्दल निदान माझ्या मनात शंका नव्हती. कंपनीच्या साहेबांनी आम्हाला गोल बसवलं, ऑनलाइन खरेदी हा विषय दिला आणि चर्चा करा म्हणाले. सुरुवात मी केली. मी थांबेना म्हणून बाकीचे मध्येच घुसले, आणि मग तर भाजीबाजारच भरला. कोण काय बोलतंय ते कोणालाच ऐकू येईना.

तेवढ्यात त्याने मान उंच केली. अगदी टोकाला बसलेली साखरखेर्ड्याची मुलगी केव्हाची तोंड उघडून मिटत होती. तो म्हणाला, "थांबा बे जरा. ताई, तुमचं राह्यलं. बोला ना."

ती बोलली, आणि चांगलं बोलली. मग त्याने तिच्या शेजारच्याला विचारलं, मग त्याच्या शेजारच्याला. असा एकेकाला वाढत गेला. स्वतः तो काय बोलला? काहीच नाही. वाढपी शेवटच्या पंगतीला बसतो, आणि तोवर वेळ संपली होती.

साहेबांनी त्याला घेतलं. "सगळ्यांना धरून ठेवणारा मुलगा आहे," म्हणाले.

मी त्याला मिठी मारली आणि पाठीवर गरजेपेक्षा जोरात थापा मारल्या. तो पेढे घेऊन मलकापूरला आमच्या घरी आला. बाबा पेढा हातात धरून नुसते बसून राहिले. आईने त्याच्यासमोरच मला विचारलं, "याले लागली, तं तुले काऊन नाई लागली रे?" त्याने मान खाली घातली. त्याचं ते संकोचणंही मला सहन झालं नाही.

पुढचं वर्ष मी त्याचे स्टेटस बघण्यात घालवलं. गळ्यात ओळखपत्र घातलेला तो, कँटीनमध्ये तो, काचेच्या इमारतीसमोर तो. प्रत्येक फोटो मी मोठा करून बघायचो. एका फोटोत त्याचे केस विरळ झाल्यासारखे दिसले. तो दिवस मला बरा गेला.

वर्षभराने साहेबांना गळ घालून त्यानेच कंपनी पुन्हा आमच्या कॉलेजात आणली. मला फोन केला. "जुन्या पोरायलेबी बसू देऊन राह्यले. तू ये बे, तुयी जागा पक्की समज." त्याच्या मेहरबानीने जायचं म्हणून संताप आला, पण गेलो. बाबांनी शर्टाला स्वतः इस्त्री करून दिली.

आता पुढची गंमत ऐका. त्याच्या निवडीची गोष्ट कॉलेजात एव्हाना दंतकथा झाली होती. प्लेसमेंटच्या सरांनी नव्या मुलांकडून तेच घोटून घेतलं होतं, की स्वतः बोलू नका, दुसऱ्याला बोलायला सांगा, त्यातच सिलेक्शन आहे. आणि इंग्रजी पाजळणाऱ्या मीसुद्धा घरी आरशासमोर मान उंच करून बघितली होती.

टेबलापलीकडे साहेब आणि त्यांच्या शेजारी तो. विषय मिळाला आणि सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, "मॅडम, आधी तुम्ही बोला." मॅडम म्हणाल्या, "नाही, सरांचं राहिलंय." सर म्हणजे मी. मी छानसं हसलो आणि टोकाच्या मुलाकडे हात केला, "दादा, तुम्ही." दादाने ते पुन्हा मॅडमकडे ढकललं. सगळेच वाढपी आणि बादलीत वरणच नाही, अशी गत झाली.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता आणि आवाज न काढता ओठांनी सांगत होता, "बोल." मला वाटलं, टिंगल करतोय. मी पुन्हा दादाकडे वळलो.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मुलं फार सभ्य आहेत तुमची," असं प्लेसमेंटच्या सरांना म्हणाले आणि कोणालाही न घेता उठले.

जिन्यात त्याने मला गाठलं. चेहरा रडवेला झाला होता.

"तुले तं बोलता येते ना बे! मंग काऊन नाई बोलला?"

"तुझ्यासारखं करायला गेलो," मी म्हणालो.

"मायासारखं?" तो पायरीवरच थांबला. "अबे, मले बोलता येत नाई म्हणून मी दुसऱ्यायले बोला म्हणत होतो. दोन वर्षं तुया मांगं काऊन बसलो मी? एखांदं वाक्य तुयासारखं जमते का, म्हणून. घरी तुयी नक्कल करत होतो. लय जळत होतो बे मी तुयावर."

खालून गाडीचा हॉर्न वाजला. तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

कंपनी पुन्हा आमच्याकडे आली नाही. पुढे त्याला गुजरातेत पाठवलं आणि आई-वडिलांनाही तो तिकडेच घेऊन गेला, त्यामुळे सणावारालाही आता येत नाही. मी मलकापुरातच दुचाकीच्या शोरूममध्ये लागलो. बाबांना गल्लीत आता कोणी काही विचारत नाही.

त्याचा हेवा मला अजून वाटतो, खोटं कशाला बोलू? परवा नव्या गाडीसोबत त्याचा फोटो दिसला आणि जेवण गेलं नाही. गिऱ्हाइकांशी मी छान बोलतो, मधूनमधून इंग्रजीही फेकतो. ते ऐकतात, मान हलवतात आणि गाडीचं मायलेज विचारतात. माझ्यावर जळणारा एकच होता, आणि तो इथून गेला.