आभाराचा माईक

आमच्या गावात कार्यक्रम कोणताही असो, माईकवर कोणी कधी यायचं हे ठरलेलं असतं. आधी प्रास्ताविक, मग सत्कार, मग भाषणं आणि सगळ्यात शेवटी अध्यक्ष. अध्यक्ष बोलून बसले की विषय संपले. त्यानंतर उरतं ते आभारप्रदर्शन. ते ऐकायला कोणी थांबत नाही. चिवड्याची परात दिसली की अर्धी सभा उठलेली असते.

त्या साली धानाचा रोवणा उरकला आणि ग्रामसभा आली, तेव्हा सरपंचांनी जाहीर केलं की यंदाची सभा तरुणांची. पोरापोरींचं म्हणणं ऐकून त्यावर ठराव घ्यायचा, असा वरूनच आदेश आला होता. माझी लेक तेव्हा अकरावी सायन्सला होती. कॉलेज कोहमारा गावाच्या पलीकडे. प्रॅक्टिकल पाचला सुटायचं आणि आमच्याकडची शेवटची बस तीनलाच निघून जायची. मधला रस्ता जंगलातला. दिवस मावळल्यावर त्या रस्त्यानं गडीमाणूससुद्धा एकटा सायकल काढत नाही, तिथे पोरीला कोण पाठवणार? म्हणून ती प्रॅक्टिकल सोडून परत यायची. तिला नर्स व्हायचं होतं. बस थोडी उशिरा सोडा, एवढा ठराव ग्रामसभेनं डेपोला पाठवला असता तर तिचं सायन्स टिकलं असतं.

"आई, मले माईक भेटला!" सभेच्या आदल्या दिवशी ती नाचतच घरात आली.

"कायचा?"

"आभाराचा. त्यातच बसचं सांगून देईन."

मलाही आनंद झाला. आम्हा मायलेकींना वाटलं, माईक तो माईक.

सभेत पोरापोरींना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. शाल दिली, नारळ दिला. आता सत्कार झालेला माणूस म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्यानं मध्येच उठून तोंड उघडायचं नसतं. मांडीवर नारळ धरून माझी लेक बिचारी भाषणं ऐकत बसली. तरुण म्हणजे गावाचं बळ, असं जो तो सांगत होता. त्या बळाला काय पाहिजे ते मात्र कोणी विचारेना. माझं डोकं तापायला लागलं. शेवटी सरपंच अध्यक्ष म्हणून बोलले आणि बसले.

मग लेक उठली. तिनं भराभरा आभार मानले आणि म्हणाली, "साहेब, एक विषय राहिला. शेवटली बस साडेपाचले सोडाचा ठराव घ्या. आमचं प्रॅक्टिकल बुडून राहिलं."

लोक चपला शोधत होते. सरपंच हसले. माणूस वाईट नाही, तिला लहानपणी कडेवर खेळवलेला. "बाई, अध्यक्षाचं भाषण झालं न वो. आता विषय कसा घेता येईन? पुढच्या सभेत पाहू. पण बोलली मात्र झकास!" टाळ्या पडल्या.

मी बायकांतून उठले. "काऊन घेता येत नाई? सभा पोराईचीच होती न? पुढच्या सभेपावतर तिचं प्रॅक्टिकल थांबन का?"

"वहिनी, तुम्ही चहा घ्या," सरपंच म्हणाले.

पुढची सभा कोरमअभावी तहकूब झाली. त्याच्या पुढची धानकापणीत गेली. तोवर लेकीनं सायन्स सोडून आर्ट्स घेतलं होतं. सायन्सची पुस्तकं तिनं स्वतःच शेजारच्या पोरीला देऊन टाकली. त्या दिवशी मी मनातल्या मनात गावाला जे बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. पण मनातल्या बोलण्यानं बस हलत नाही, याचं दुःख आजही आहे.

ठराव झाला तो त्यानंतर कधीतरी. गेल्या वर्षी साडेपाचची बस सुरू झाली. नारळ फोडायला छोटासा कार्यक्रम ठेवला होता, आणि आभाराला सरपंचांना माझीच लेक हवी होती. मला वाटलं, ही तोंडावर नाही म्हणेल. ती गेली.

तिनं सरपंचांचे आभार मानले, डेपोच्या साहेबांचे मानले, ड्रायव्हर-कंडक्टरचे, मंडपवाल्याचे मानले. मानाप्रमाणे, क्रमानं, कुठे न अडखळता. मी समोर उभी राहून वाट पाहत होते. आता ही विचारेल, माझं सायन्स कुठे आहे? निदान तिचा आवाज तरी कापेल. तिनं सगळ्यांना नमस्कार केला आणि माईक खाली ठेवला.

माझ्या मागे उभा असलेला एक म्हातारा कौतुकानं म्हणाला, "आता शिकली पोरगी बोलाले."