क्लबात जाऊन केलेली चौकशी

धाकट्या बहिणीचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, तेव्हा घाटकोपरला वडिलांच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. खाली सही नव्हती. 'आपण मुलगी देता आहात तो मुलगा दर शनिवारी फोर्टातल्या नाचाच्या क्लबात असतो. तिथे काय चालतं ते आपल्यासारख्यांना सांगायला नको. एक हितचिंतक.' क्लबाचं नावही दिलं होतं. पाकीट न धाडता कार्ड धाडलं यातच लिहिणाऱ्याचा हेतू कळत होता. पाकीट घरचे वाचतात, कार्ड पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचतात.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मुंबईत दारूबंदी होती आणि क्लब म्हटलं की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे बाटलीच यायची. मी लग्न होऊन मुलुंडला राहत होते आणि फोर्टात एका विलायती कंपनीत टायपिस्ट होते. कार्ड आल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर घाटकोपरला उतरले, तर अण्णा कागद-दौत घेऊनच बसलेले.

"पत्रिका जुळत नाही असं कळवून टाकतो," ते म्हणाले.

"महिन्यापूर्वी जुळली होती ना? आता कुठला ग्रह हलला?"

"तू वकिली करू नकोस."

बहीण कोपऱ्यात वाल सोलत बसली होती. तिला याआधी दोघांनी नकार दिला होता, एकाने रंगावरून आणि एकाने काही न सांगताच. हा मुलगा अंधेरीचा, कोकणातल्या घरातला. चहा पिऊन झाल्यावर त्याने आपली कपबशी स्वतः उचलून आत नेऊन ठेवली होती. बहिणीने त्याच वेळी मनाशी ठरवलं असावं. वालावरची नजर न काढता ती म्हणाली, "याला नाही म्हणालात तर पुढच्यासमोर मी बसणार नाही. आधीच सांगून ठेवते."

ती उगाच बोलणारी नव्हती. मी अण्णांकडून पंधरा दिवस मागून घेतले.

क्लबात शिरणं सोपं नव्हतं. सभासदाबरोबर आल्याशिवाय आत सोडत नसत, पुरुषाला कोट-टाय लागे, आणि पाहुण्यांना जोडीनेच यावं लागे. माझ्या ऑफिसात टायपिंगच्या टेबलांवर देखरेख करणारी एक बाई होती. खारला राहायची. नवरा परदेशी जहाज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, वेळ जात नाही म्हणून ती नोकरी करत असे. शनिवारी कुठे गेले, काय खाल्लं, हे ती सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवायची. ते दोघं त्याच क्लबाचे सभासद होते.

"एकदा मला ने ना गं," मी म्हटलं.

"तू? नाचाच्या क्लबात? मुलुंडात सगळं ठीक आहे ना?"

"बघायचंय एकदा. रोज नुसतं ऐकते."

तिला फार आनंद झाला. खरं कारण मी तिला सांगितलं नाही. न ठरलेल्या लग्नाची गोष्ट ऑफिसात करायची नसते, असं मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. हेच पुढे भोवलं.

हे मुलुंडच्या शाळेत गणित शिकवत. ऐकून एकदम उभे राहिले. "कोणा मुलाच्या बापाने मला तिथे पाहिलं तर?"

"तर त्याला तुम्ही विचारा, तुम्ही इथे कसे म्हणून."

लग्नातला कोट काढला. आठ वर्षांत कोट तेवढाच राहिला होता, हे नव्हते राहिले. बटण लावलं की श्वास धरावा लागे. टाय त्या बाईच्या नवऱ्याने बोरीबंदरहून जाताना गाडीत बांधून दिला.

दारावर फेटेवाला दरवान आणि आत टेबलापाशी एक जाडजूड वही. सभासदाने आपलं नाव लिहायचं, पाहुण्यांनी त्याखाली. मी यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं तर यांनी शाळा तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरांचं आडनाव लिहिलेलं! मी कोपर मारलं, तर म्हणाले, "सुचलं ते लिहिलं." वहीवाल्याने माझ्या चपलांकडे पाहिलं, मग इरकली लुगड्याकडे पाहिलं, आणि वही मिटली.

आत गेल्यावर मात्र, खोटं कशाला बोलू, मला मजा आली. माझ्यासाठी खुर्ची मागे ओढणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. लाकडी जमीन इतकी घासलेली की दिव्यांचे गोळे तिच्यात दिसत होते. वाजवणाऱ्यांत एक जाडा माणूस तुतारीसारखं पितळी वाद्य घेऊन होता. त्याने सूर धरला की टेबलावरचे चमचे थरथरायचे. कोणाची सून, कोणाची मुलगी, मूळ गाव कुठलं, कोणी विचारत नव्हतं. कटलेट गरम होते. कोलंबीवर कसलासा पांढरा रस्सा होता, त्यात मीठ कमी, तरी मी बशी स्वच्छ केली.

बाईच्या नवऱ्याने यांना पावलं शिकवली. कवायतीसारखं एक-दोन-तीन मोजत यांनी मला लाकडी जमिनीभोवती एक फेरी मारवली. माझ्या पायावर चारदा पाय दिला. "चार नाही, तीन," हे म्हणाले. गणिताचा माणूस. मी इतकी हसले की शेजारची जोडपी बघायला लागली. पोस्टकार्ड आलं होतं हे मी तेवढा वेळ विसरले होते.

टेबलाशी परतलो तर बाईने चहा मागवला होता. पांढरी चिनी मातीची किटली, तिच्यावर कापडी टोपडं. रात्रीचे साडेआठ झालेले, जेवण अर्धं झालेलं, आणि चहा? मी किटलीकडे पाहिलं. टोपडं होतं, पण तोटीतून वाफ नव्हती. बाईने आपल्या कपात ओतलं, दूध घातलं नाही, साखर घातली नाही.

"तुला देऊ?"

"थांब जरा," मी म्हटलं आणि नजर वळवली. तेव्हा तो दिसला.

खांबाआड एका लहान टेबलाशी एकटा बसला होता. काळा सूट. आमच्याकडे आला होता तेव्हाच्या पांढऱ्या सदऱ्यापेक्षा तो त्यात मोठा वाटत होता. पुढे लिंबाचा सोडा. तो नाचणाऱ्यांकडे बघत नव्हता. एकेक करून टेबलं बघत होता, वेटर कुठून येतो आणि कुठल्या दारातून जातो ते बघत होता. मग त्याची नजर आमच्या टेबलावर आली, किटलीवर थांबली, माझ्यावर आली. त्याने ओळख दाखवली नाही.

मला राग आला. होणाऱ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला पाहून मान फिरवतो? मी उठले आणि सरळ त्याच्या टेबलाशी गेले.

"इथे काय करता?"

"ताई, बसा. उभ्या राहू नका, लोक बघतात."

"बघू देत. मी विचारलं, काय करता?"

"तुम्ही काय करता?"

"तुमची चौकशी करते."

यावर दुसरा कोणी हसला असता. तो हसला नाही. सोड्याचा पेला त्याने थोडा पुढे सरकवला. "वास घेऊन बघा."

मी घेतला. लिंबाचाच होता. पण मला त्यामुळे जास्तच संशय आला. दर शनिवारी कोट घालून नाचाच्या क्लबात यायचं आणि लिंबाचा सोडा प्यायचा, हे कुठल्या शहाण्याचं लक्षण?

"तुमच्या टेबलावरची किटली कोणी मागवली?" त्याने विचारलं.

"मैत्रिणीने."

"तुम्ही प्यायलात?"

"नाही."

"मग पिऊ नका. साहेबांनाही देऊ नका. आणि ताई, साडेनवाच्या आत दोघंही घरी निघा. कोणाला काही सांगू नका. कोणालाही."

एवढं बोलून त्याने पेला उचलला आणि दुसरीकडे बघायला लागला. जसं काही मी कधी आलेच नव्हते.

टेबलाशी परत येईपर्यंत मी अर्धं ओळखलं होतं. उरलेलं ओळखायची इच्छा नव्हती. "डोकं उठलंय, आम्ही निघतो," मी बाईला म्हटलं. ती म्हणाली, "आत्ता? अजून गाणारी बाई यायचीय. अगं, खरी मजा पुढे आहे." मी तिच्या कपाकडे पाहिलं. सांगावं असं एकदा वाटलं. पण सांगितलं असतं तर ती नवऱ्याला सांगती, नवरा शेजारच्या टेबलाला, आणि पाच मिनिटांत सगळ्या किटल्या मोरीत रिकाम्या झाल्या असत्या. मग कोणी फोडलं हे त्या खांबाआडच्या माणसाला विचारलं गेलं असतं. मी पर्स उचलली. यांनी कोटाचं बटण सोडलं आणि आम्ही बाहेर पडलो.

सोमवारी पेपरात बातमी होती. क्लबावर दहाच्या सुमाराला धाड पडली, किटल्यांतून विलायती दारू निघाली, बऱ्याच लोकांना चौकीवर नेलं. हे बातमी दोनदा वाचून म्हणाले, "वही नेली असेल ना त्यांनी?" पुढचे कित्येक दिवस शाळेत इन्स्पेक्टर यायचे म्हटलं की हे रजेचा अर्ज लिहायला बसत.

बाई बुधवारी ऑफिसात आली. तिने माझ्या टेबलाजवळ येऊन हळू आवाजात, सरळ विचारलं.

"सहा वर्षं माझ्याबरोबर काम करतेस. कधी क्लबाचं नाव काढलं होतंस?"

"नाही."

"या महिन्यात काढलंस. आलीस. एक घोट प्यायली नाहीस. मध्येच उठून त्या एकट्या माणसाशी बोललीस. आणि धाडीच्या आधी तासभर तुझं डोकं दुखलं."

तिचा हिशेब चोख होता. तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते.

"मी खबर दिली नाही," मी म्हटलं.

"मग तो कोण होता?"

मी मशीनमध्ये नवा कागद घातला. ती आपल्या जागेवर गेली आणि त्यानंतर कामापलीकडे माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुपारच्या सुट्टीत माझ्या डब्यापासून बाकीच्या मुलीही हळूहळू लांब बसायला लागल्या.

त्याच शनिवारी मी अंधेरी स्टेशनाबाहेर त्याला गाठलं. तो दारूबंदी खात्यात होता; क्लबाचं सभासदत्व खात्यानेच त्याला काढून दिलं होतं. आम्ही त्याचं मूळ गाव विचारलं होतं, कुलदैवत विचारलं होतं, मामा कुठले, आत्या कुठे दिल्या, घरात कोणाला दमा आहे का, सगळं विचारलं होतं. नोकरी सरकारी, एवढं ऐकून अण्णा खूष झाले होते. कुठलं खातं, हे एकानेही विचारलं नव्हतं.

"तुम्ही का सांगितलं नाहीत?"

"दोन ठिकाणी सांगितलं होतं, ताई. एका ठिकाणी म्हणाले, हप्ते खाणारा जावई नको. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, महिन्याला वरचे किती मिळतात. तुमच्याकडे कोणी विचारलं नाही. मी म्हटलं, बरं झालं."

"आणि धाडीची गोष्ट मला फोडलीत. उद्या आणखी कोणाला फोडाल."

त्याचा चेहरा उतरला. "आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. पण तुमचं नाव चौकीवर नेलेल्यांच्या यादीत गेलं असतं तर हे लग्न झालं नसतं. तुमच्याकडूनही नाही, आमच्याकडूनही नाही. आणि मला ते व्हायला हवं होतं."

माझा संशय गेला असं मी म्हणणार नाही. आपल्या माणसासाठी सरकारशी बेइमानी करणारा माणूस बहिणीला लाभेल की नाही, याचा मी लोकलची वाट बघत उभी राहून विचार केला. त्याने बेइमानी केली ती माझ्यासाठीच केली, हेही होतं. "खातं बदलून घ्या," मी म्हटलं. "अर्ज करा आणि मला दाखवा. मग मी घरी बोलते."

पुढच्या आठवड्यात त्याने अर्जाची नक्कल दाखवली. मी ती नीट वाचली, वरच्या आवक-शिक्क्याची शाई ओली की सुकी ते बोट लावून पाहिलं, आणि घाटकोपरला गेले.

"मुलगा पीत नाही," मी अण्णांना सांगितलं. "मी स्वतः बघून आले."

"आणि क्लब?"

"कचेरीच्या कामाने जावं लागत होतं. आता लागणार नाही."

अण्णांनी आणखी काही विचारलं नाही. विचारायचं तेव्हा न विचारण्याची आमच्या घरची रीतच होती. बहिणीने पोस्टकार्ड उचललं आणि न्हाणीघरातल्या बंबात घातलं.

लग्नाच्या पत्रिका आल्या तेव्हा ऑफिसात एकेकीला देताना मी बाईच्या टेबलावरही एक ठेवली. ती तेव्हा जागेवर नव्हती. तिच्या नवऱ्याची बदली मद्रासला झाल्याचं तोवर कळलं होतं. दंड झाला होता म्हणून की आपणच मागून घेतली, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रिका माझ्या टाइपरायटरच्या रुळात अडकवलेली सापडली. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: 'जेवायला येणाऱ्यांची नावं आधीच कोणाला कळवलीस का?'

मी ते दोनदा वाचलं. मग खोडरबराने खोडलं, कागदाचे कण फुंकून टाकले, आणि पत्रिका मुलुंडच्या चुलत सासऱ्यांना पाठवली. पत्रिका मोजून छापल्या होत्या आणि त्यांची राहिलीच होती.